उचंत खात्यातला खुनी

तात्यांना खुनी मध्यंतराच्या आत कळतो, ही अफवा खुद्द तात्यांनीच उठवलेली आहे. मंगळवार पेठेत ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्यावर कुणाचाही विश्वास नाही. तरी जुन्या सस्पेन्स पिक्चरचा विषय निघाला की माणसं तात्यांकडंच बोट दाखवतात, कारण कोल्हापुरात प्रत्येक विषयाला एक ठरलेला माणूस असतो. कुस्तीला असतो, मिसळीच्या कटाला असतो, पंचगंगेचं पाणी यंदा कुठवर येणार याला असतो. पाण्याचं सांगणारा एखाद्या वर्षी चुकतो. तात्या चुकत नाहीत, कारण सगळे पिक्चर त्यांनी आधी पाहिलेले असतात.

तात्या आता पंच्याहत्तरीला टेकलेत. सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. ज्या जिल्ह्यात गावात देऊळ एक आणि संस्था चार, त्या जिल्ह्यात राधानगरीपासून शिरोळपर्यंत सेवा सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संस्था तपासत त्यांनी उभी नोकरी काढली. ऑडिटर येणार म्हटल्यावर चिटणीस मटणाचा बेत करायचा. तात्या तांबडा रस्सा ओरपायचे, पांढरा मागून घ्यायचे आणि हात धुऊन आले की म्हणायचे, "हं, आता त्या बकऱ्याचं व्हाउचर दाखवा."

अशा माणसाला रहस्यपट आवडला तर नवल नाही. नवल हे, की निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळे रहस्यपट पहिल्यापासून तपासायला घेतले. पुतण्यानं भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला, यूट्यूब कसं उघडायचं ते शिकवलं आणि तो पुण्याला निघून गेला. तात्यांनी कापडी बांधणीची लांब वही आणली, हिरव्या शाईचं पेन शोधून काढलं आणि १९४९ च्या 'महल'पासून काम सुरू केलं.

वहीचं एकेक पान बघण्यासारखं आहे. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. प्रेक्षकाला दाखवलेली प्रत्येक खूण, म्हणजे करकरणारं दार, हरवलेली किल्ली, उगाच हसणारा नोकर, हे सगळं जमेला. शेवटी उलगडा करताना त्यातलं जे जे वापरलं ते नावे. दाखवलं पण वापरलंच नाही, ते उचंत खात्यावर. शेवटच्या दृश्यानंतर उचंत खात्यावर काही शिल्लक राहिलं की पिक्चरचा वर्ग उतरला. सहकारी संस्थांना ऑडिटचे अ, ब, क, ड असे वर्ग देतात, तेच वर्ग तात्या पिक्चरना देतात. तारे देणं त्यांना मंजूर नाही. "तारे हॉटेलला देत्यात," म्हणतात.

'महल'ला ब मिळाला. मधुबालावर आक्षेप नाही, झोपाळ्यावरही नाही. पण कमाल अमरोहींनी धुकं फार खर्ची टाकलं, असा शेरा आहे. पानाच्या तळाला मात्र वेगळ्या शाईत एक टीप आहे. 'महल'च्या गाण्याच्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचं. लोक विचारत राहिले की ही गाते कोण. गात होत्या लता मंगेशकर, ज्या थोड्याच वर्षांपूर्वी मास्टर विनायकांच्या कंपनीत पगारावर होत्या. "पिक्चरमधल्या रहस्यापेक्षा पिक्चरबाहेरचं रहस्य पक्कं," तात्यांचा निकाल. या एका शेऱ्यासाठी मी त्यांचे पुढचे दहा शेरे माफ करायला तयार आहे.

तात्यांचं मुख्य तत्त्व असं, की रहस्यपट पहिल्यांदा बघतो ते तिकीट वसूल करायला. खरा बघायचा तो दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी आपण खुनी शोधत असतो. दुसऱ्या वेळी दिग्दर्शक सापडतो. त्यानं आपल्याला कुठं बनवलं, आणि बनवताना तो नुसता गप्प बसला की चक्क खोटं बोलला, हे तेव्हा कळतं. गप्प बसायला तात्यांची हरकत नाही. तो चिटणिसाचा हक्कच आहे. खोटं व्हाउचर मात्र चालायचं नाही. १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये हिचकॉकनं खोटा फ्लॅशबॅक दाखवला आणि पुढं त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत ती चूक झाल्याचं कबूल केलं. "बघ, दोषदुरुस्ती अहवाल स्वतःहून दाखल केला गड्यानं. म्हणून ब दिला, न्हाईतर क होता," असं तात्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी 'स्टेज फ्राइट' पाहिलेला नव्हता. आता बघून उपयोग नाही.

ही तात्यांची खरी ख्याती. ते शेवट सांगत नाहीत. आयुष्यात त्यांनी एकदाही खुन्याचं नाव उच्चारलेलं नाही, याची ते अंबाबाईची शपथ घेऊन ग्वाही देतात, आणि ती खरी आहे. पण त्यांची न सांगण्याची तऱ्हाच अशी, की सांगितलेलं परवडलं. "काय सांगणार न्हाई मी, तू बघ आपला. फक्त दुसऱ्या गाण्याच्या वेळी डावीकडच्या कोपऱ्यात कोण न्हाई ते बघ." झालं. पुढचे दोन तास माणूस कोपऱ्याकडं बघतो. 'गुमनाम'च्या आधी त्यांनी एका शेजाऱ्याला सांगितलं होतं, "मेहमूदवर संशय घेऊ नकोस, एवढंच म्हणतो." आठपैकी एकजण त्यांनी दारातच निर्दोष सोडला. उरलेल्यांपैकी एकेकाचा मुडदा पडू लागला तशी शेजाऱ्याची यादी आपोआप आखडत गेली, आणि त्यानं त्या दिवसापासून तात्यांकडं येणं बंद केलं. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' १९५२ साली सुरू झालं आणि तिथं प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की शेवट बाहेर सांगू नका. तात्यांना या प्रथेचा फार आदर. "आपल्याकडं हे जमलं नसतं," म्हणतात. "सहाच्या शोची रांग आणि तीनचा शो सुटलेली गर्दी समोरासमोर आली की संपलं. ओळखीचं कुणीतरी भेटतंयच."

टॉकीजचा विषय काढला की तात्या पाऊण तास थांबत नाहीत, आणि मी थांबवतही नाही. गाव सिनेमाचं आहे. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ साली 'प्रभात' इथंच जन्मली आणि मग पुण्याला गेली. अजूनही पत्ता सांगताना उमा टॉकीज चौक म्हणतात, व्हीनस कॉर्नर म्हणतात. तात्यांचं म्हणणं, सस्पेन्स पिक्चरला टॉकीजच पाहिजे. कारण तिथं तुमच्यासारखीच पाचशे माणसं चुकीच्या माणसावर संशय घेत बसलेली असतात. १९६२ मध्ये 'बीस साल बाद' लागला तेव्हा बायकांच्या बाजूनं किंकाळी आली की पुरुषांच्या बाजूनं हशा यायचा, आणि पुढच्याच मिनिटाला हसणारे शेजाऱ्याचा दंड धरायचे. हेमंतकुमारांनी काढलेला, बीरेन नागांनी दिग्दर्शित केलेला तो पिक्चर मुळात शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल प्रकरणावर बेतलेला. तात्यांनी पुस्तक नंतर वाचलं आणि निराश झाले. त्यांच्या मते होम्सच्या गोष्टीत दोन गोष्टी कमी आहेत, एक वहिदा रेहमान आणि दुसरी इंटरव्हल.

आता टीव्हीवर इंटरव्हल नाही, पण पॉज आहे, आणि ते बटण तात्यांच्या हाती पडलं हे रहस्यपटाचं दुर्दैव. पुरावा दिसला की पिक्चर थांबतो. "बघ, हातात घड्याळ हाय का? मगाशी होतं का? लिहून घे." १९६० चा 'कानून' बघायला आम्ही जेवून बसलो होतो, अशोककुमार न्यायाधीशाच्या खुर्चीत स्थिर होईपर्यंत काकूंनी दुसऱ्यांदा चहा टाकला. 'कानून'ला मात्र अ वर्ग आहे, वहीतला पहिला. एकही गाणं नाही, वकील असलेला होणारा जावई डोळ्यांनी खून पाहतो आणि संशय थेट सासऱ्यावर, जो स्वतः न्यायाधीश. यात तात्यांना आणखी एक गोष्ट भावते. 'कानून' १९६० चा, हिचकॉकचा 'सायको' १९६० चा आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही १९६० चा. हा निव्वळ योगायोग आहे असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. अशा नजरेनंच त्यांनी अनेक संचालक मंडळं घालवली असणार.

सहकार आणि सस्पेन्स यांचा संबंध ते इतका मनापासून मानतात की हिचकॉकचा प्रसिद्ध सिद्धांतही त्यांनी करवीर तालुक्यात आणून ठेवलाय. हिचकॉक म्हणायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसताना तो फुटला तर क्षणभराचा दचका. आधी माहीत असेल तर पंधरा मिनिटांचा जीवघेणा ताण. तात्या बॉम्बच्या भानगडीत पडत नाहीत. "समज, कारखान्याची वार्षिक सभा चाललीय. चेअरमन अहवाल वाचतोय. एकदम चप्पल आली. लोक दचकले, हसले, विषय संपला. आता दुसरं बघ. सभा सुरू व्हायच्या आधीच कॅमेऱ्यानं दाखवलं, की चौदाव्या रांगेतल्या सभासदाच्या पिशवीत चप्पल हाय. मग चेअरमन इतिवृत्त वाचू दे, न्हाईतर साखरेचा उतारा सांगू दे, तू नुसता पिशवीकडं बघत बसणार. 'मंजूर, मंजूर' ओरडत्यात, आन् तो हात पिशवीत घालतो आन् रुमाल काढतो. ह्याला म्हणायचं सस्पेन्स." फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हे याहून सोपं करून कुणी शिकवत असेल असं मला वाटत नाही.

तात्यांच्या निःपक्षपाती तपासणीत एकच वशिला चालतो, आणि तो नंदाचा. मास्टर विनायक कोल्हापूरचे. 'हंस पिक्चर्स' त्यांनी सहकाऱ्यांबरोबर इथंच उभी केली, १९३८ चा 'ब्रह्मचारी' त्यांचाच. १९४७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची मुलगी नंदा आठ वर्षांची होती. बेबी नंदा म्हणून कामाला लागलेली ती पोर पुढं हिंदीत गेली, आणि हिंदीतले बिनगाण्यांचे जे दोन रहस्यपट हटकून आठवले जातात, त्या दोन्हींत ती आहे: बी. आर. चोप्रांचा 'कानून' आणि त्यांचे धाकटे भाऊ यश चोप्रा यांचा १९६९ चा 'इत्तेफाक'. मधे १९६५ चा 'गुमनाम' आहे. तो राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला, म्हणजे तिथंही मराठी हात. एवढ्या भांडवलावर हिंदी रहस्यपटाचे निम्मे शेअर कोल्हापूरचे आहेत असं तात्या धरून चालतात. प्रेत पडलं की ते सगळ्यांवर संशय घेतात, नंदा सोडून. "विनायकरावांची पोरगी हाय ती. तिच्याकडं बोट दाखवायचं न्हाई."

हा नियम घेऊनच ते ऐन विशीत 'इत्तेफाक'ला गेले. राजेश खन्ना बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार, वेड्यांच्या इस्पितळातून पळून एका घरात शिरतो, घरात नंदा एकटी, आणि मग रात्रभर दोघं आणि एक प्रेत. मागं सलील चौधरींचं संगीत, दारात इफ्तेखारचा इन्स्पेक्टर. पुढचं मी सांगणार नाही. इतकंच सांगतो, की तात्या त्या दिवशी टॉकीजमधून बाहेर पडले ते कुणाशी न बोलता गंगावेशीपर्यंत चालत गेले आणि कट्ट्यावर उभ्याउभ्या म्हशीचं धारोष्ण दूध दोन पेले प्यायले. यातून तुम्हाला काही कळलं असेल तर तो माझा दोष नाही, संगतीचा आहे.

वहीत 'इत्तेफाक'चा वर्ग कोरा आहे. "हितसंबंध असले की ऑडिटरनं सही करायची नसते," तात्या म्हणतात.

मराठीत त्यांचा जीव १९६४ च्या 'पाठलाग'वर. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी तो केला. नायक काशिनाथ घाणेकर, मूळचे दातांचे डॉक्टर. बायको गेली, नवऱ्यानं स्वतः अग्नी दिला, आणि पुढं कोर्टात तिच्याच तोंडवळ्याची बाई उभी राहून म्हणते, मीच ती. दोन वर्षांनी राज खोसलांनी यावरून 'मेरा साया' केला आणि देशभर गाजवला. कोल्हापुरात 'मेरा साया' जास्त चांगला आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. असलाच तर तो घरात म्हणत असेल. तात्यांचा आक्षेप रंगांवर आहे. कृष्णधवलमध्ये बाईच्या चेहऱ्याची एक बाजू काळोखात ठेवता येते, आणि शंका तिथं राहायला जाते. रंग आले, उदयपूर आलं, बरेलीचा झुमका आला, आणि संशयाला बसायला जागाच उरली नाही. साधनावर त्यांचा राग नाही. ती राज खोसलांच्या 'वो कौन थी'मध्येही आहे आणि 'अनीता'तही आहे. "पण एकाच बाईला तीनदा कोण म्हणून विचारायचं म्हंजे चौकशी लांबवायची लक्षणं," असा शेरा हिरव्या शाईत आहे. त्याखाली '१९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', ब, कंदील चांगला' एवढंच. मला हा अन्याय वाटतो. आशा काळे यांच्या भेदरलेल्या डोळ्यांना वेगळा अर्धा वर्ग द्यायला हवा होता.

तात्यांच्या या सगळ्या शास्त्राला घरातच सुरुंग लागतो. काकू पिक्चर बघत नाहीत, पिक्चरसमोर बसून लसूण सोलतात. दहाएक मिनिटांनी मान वर करतात, पडद्यावरची सगळी तोंडं एकदा न्याहाळतात आणि म्हणतात, "अहो, ह्यो एवढा नावाजलेला नट. मगाधरनं नुसता चहा पितोय. एवढा पगार देऊन कोण कुणाला चहा प्यायला ठेवतंय? ह्योच हाय बघा. मी आत जातो, कुकर लावायचाय." आणि त्या बरोबर असतात. प्रत्येक वेळी नाही. पण त्या चुकल्या की तात्यांना आठवडाभर पुरेल इतका आनंद होतो, त्यावरून प्रमाण ओळखावं. जन्मभर पगारपत्रकं तपासलेल्या माणसाला ही पद्धत सुचली नाही आणि बायकोला सुचली, ही सल वहीत कुठंच नोंदलेली नाही.

तात्यांची खरी अडचण वेगळीच. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आली. शेवट स्वतःला माहीत असल्यामुळं त्यांना आता पिक्चरमध्ये काही बघायचं उरलेलं नाही. त्यांना बघायचा असतो तो न पाहिलेला माणूस. तो कुठं पुढं सरकतो, कुठं चुकीच्या माणसावर दात खातो, कुठं 'अरे!' म्हणतो. अशी माणसं संपत चाललीत. पेठेतल्या म्हाताऱ्यांनी सगळं टॉकीजमध्ये पाहिलंय आणि पोरांनी काहीच पाहिलेलं नाही. पण पोरं दहा मिनिटांत मोबाईल काढतात, आणि मोबाईल हा रांगेतल्या ओळखीच्या माणसापेक्षा वाईट, विचारल्याबरोबर सांगतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांना एक सापडला. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा चंदगडकडचा पोरगा. 'इत्तेफाक' हे नावही त्यानं ऐकलं नव्हतं. तात्यांनी रविवार ठरवला. भेळ मागवली, काकूंना बहिणीकडं पाठवलं, शपथ घेऊन रिमोट माझ्या हातात दिला. पोरगा सतरंजीवर मांडी घालून बसला. तात्यांनी खुर्ची अशी फिरवून घेतली की टीव्ही त्यांच्या पाठीकडं आणि पोराचं तोंड समोर. पिक्चर संपेपर्यंत त्यांनी पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. पोराचं काम चोख झालं. घाबरायच्या जागी घाबरला, राजेश खन्नावर संशय घेतला, तो मागं घेतला, आणि शेवटी दोन्ही हात डोक्यावर ठेवून "बाप रे तात्या!" म्हणाला. तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाताना त्याला भेळेचा उरलेला पुडा दिला.

पोरगा जिना चढून गेल्यावर त्यांनी वही उघडली. मी वाकून बघितलं. 'इत्तेफाक'चं पान तसंच कोरं होतं. त्यांनी नवीन पान घेतलं होतं आणि वर पोराचं नाव घातलं होतं. "त्यानं काल रात्रीच बघून ठेवलंय मोबाईलवर," तात्या लिहिता लिहिता म्हणाले. "दचकायच्या आधी दचकत होता. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून केलं बिचाऱ्यानं." शेरा असा होता: व्हाउचर बोगस, हेतू चांगला, अभिनय बरा. वर्ग ब.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, सासरी-माहेरी 'पाठलाग' न पाहिलेलं कुणी असेल, तर त्याला तो दाखवू नका, त्याची गोष्ट सांगू नका आणि कुठं शोधूही देऊ नका. रविवारी संध्याकाळी मंगळवार पेठेत पाठवून द्या. भेळ मिळेल, चहा मिळेल, परतीच्या बसचे पैसेही तात्या देतील. तिकीट मात्र जपून ठेवायला सांगा, ते मागतात.